टाकी

डॉन नदीच्या काठी, ॲटरक्लिफमध्ये,
जिथं पूर्वी पोलाद ओतायचे
तिथं आमचा कारखाना: चौदा माणसं, दोन रोबो,
आणि एक बंद कोठडी. तिच्यातली ज्वाळा
काळ्या काचेआडूनच बघायची.

ज्वाळेत पांढरी भुकटी सोडतो आम्ही.
हाडात असतं तेच खनिज, पण कारखान्यात केलेलं.
अर्धवट वितळून ते टायटॅनियमच्या खुंट्यावर आदळतं,
चपटं होतं, गार होतं, धरून बसतं.
असा खुंटा मांडीच्या हाडात ठोकायचा. सिमेंट नाही.
पुढचं हाडानं बघायचं.

दारावर माझं नाव: एस. पाथरूट, थर-तपासणी.
ग्लिनला ते उच्चारता येत नाही. अर्थ तर
मीही त्याला कधी सांगितला नाही.

आई बार्शीच्या गल्ल्यांतून हाळी देत जायची,
जात्याला टाकी लावा, टाकीऽऽ
मागून मी, हातोडीची पिशवी घेऊन.
गुळगुळीत झालेलं जातं दळत नाही, नुसतं फिरतं.
ती उकिडवी बसून दगडाचं तोंड टोचून काढायची,
आणि मी एखादा घाव जोरात मारला की
"खोल नको गं, पिठात कच येती."

शेफील्डला येऊन दोन पदव्या घेतल्या,
त्यांच्या पुस्तकांत हेच वाक्य सापडलं, आलेखासकट.
थर केसाएवढा हवा, फार तर दीड केस.
जाड झाला की पापुद्रे सुटतात,
सांध्यात जातात. कच.
पातळ झाला तर हाड वळूनही बघत नाही.

एका उघड्या दिवशी, कारखाना लोकांना दाखवायचा तेव्हा,
डोरीन स्टॅनिफोर्थबाई आल्या, काठी टेकत.
चौदाव्या वर्षापासून चमचे उजळलेले,
अंगाला तपकिरी कागद गुंडाळून, चाकासमोर.
त्यांनी खुंट्यावर अंगठा फिरवला.
"असलं काम दिलं असतं तर
मला दुपारीच घरी पाठवलं असतं, पोरी."
मी म्हटलं, सिमेंटात बसवायचा खुंटा
अजून तुमच्यासारखाच करतात, आरसा.
तो खरखरीत ठेवला तर
हलता हलता सिमेंटच कुरतडतो.
"मग बरोबर कोण?"
शेजारी कोण बसणार त्यावर आहे, म्हटलं.
त्या हसल्या, आणि बिस्किटं कुठंयत विचारलं.

निकामी झालेले खुंटेही आमच्याकडेच येतात, बरणीतून.
रॉदरहॅमच्या एका बस ड्रायव्हरचा आला होता.
तीन वर्षं मांडी ठणकत होती म्हणे,
आणि सर्जननं काढला तो
दह्यातून चमचा काढावा तसा.
अहवालात सात कारणं होती. थर पाचवं.
त्या रात्री ट्राममध्ये मी पाचावर अडकून बसले,
माझा थांबा मागे गेला.

डोरीनबाईंचा आला सतरा वर्षांनी,
त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांनीच तसं लिहून ठेवलं होतं.
ओढून निघाला नाही. हाडासकट कापून पाठवला.
मी त्याची चकती केली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली.
आमचा थर जवळजवळ नव्हताच.
इथं एक पांढरी रेघ, तिथं एक ठिपका.
जिथून तो गेला होता
तिथं हाड आलं होतं, खड्ड्याखड्ड्यात,
धातूला नखं रोवून.

जुनी नोंदवही काढली. बॅच सापडली, तारीख सापडली.
पाळी माझी नव्हती. ग्लिनची होती.
त्याला दाखवलं, तर म्हणाला, बरं झालं, आणि चहा ठेवला.

रात्री आईला फोन केला.
जातं आता कुणाच्याच घरात नाही, तिच्याही.
बोटं वाकडी झालीत, फोन धरायला भाची लागते.
सगळं सांगितलं, जमेल तसं.
ती बराच वेळ गप्प.
"टाकी बुजली म्हंजी दळण झालं की गं."
मग तिनं गॅसचा नंबर अजून लागला नाही
ते सांगायला घेतलं.